डोंगर हाच देव असेल तर कायदा त्याला कुठे ठेवतो?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. नाशिक जिल्ह्यातल्या पेसा क्षेत्रातलं (म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा लागू असलेलं) कोकणा आदिवासींचं गाव, गावाच्या वर डोंगरात एक कपार आहे, तिथं मार्गशीर्ष पौर्णिमेला डोंगऱ्या देवासाठी अख्खं गाव जातं. मंदिर नाही, मूर्ती नाही, ट्रस्ट नाही. जमीन कागदावर राखीव वन. आता त्या डोंगरावर कसलासा प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली म्हणून गावातल्या पोरांनी जागा संरक्षित व्हावी असा एका कार्यालयात अर्ज दिला, आणि उत्तर आलं की सदर ठिकाणी स्मारक आढळून येत नाही. विचारणाऱ्या दादांचं म्हणणं असं की मग कायद्यात आमच्या देवाला जागाच नाही का, आणि आजवर कुणाला कधी मिळालीय का.

मिळालीय. आणि जागा आहे, पण ती तुम्ही गेलात त्या दारात नाही. यात तुमची चूक नाही, शंभरातली नव्वद गावं आधी तिथंच जातात. मी 2008 ला वनहक्काचे नियम आले तेव्हापासून हे काम करतोय, आधी नुसता कार्यकर्ता म्हणून दावे भरायचो, नंतर वकिलीची सनद घेतली. उत्तर लांब होईल कारण हा कायदा कसा आला ते कळलं नाही तर कुठलं कलम कधी वापरायचं ते कळत नाही, आणि मग नुसती कलमं पाठ करून ग्रामसभेत बोललं की समोरचा साहेब दोन मिनिटांत गप्प करतो.

सुरुवात जंगलापासून. इंग्रजांनी 1865 ला पहिला वन कायदा केला, 1878 ला तो कडक केला, आणि आज आपल्याकडे चालतो तो 1927 चा. यात राखीव वन करायची पद्धत अशी आहे की कलम 4 खाली सरकार जाहीर करतं की हे क्षेत्र राखीव करायचं आहे, मग कलम 6 खाली वन जमाबंदी अधिकारी आसपासच्या गावांत स्थानिक भाषेत जाहीरनामा लावतो आणि कमीत कमी 3 महिने देतो, त्या मुदतीत ज्याचा काही हक्क असेल त्याने येऊन सांगायचं. आणि कलम 9 म्हणतं की जो हक्क कुणी मांडला नाही आणि अधिकाऱ्याला चौकशीतही कळला नाही तो संपला. बुडाला. पुढच्या पिढ्यांसाठी सुद्धा. (राखीव वनाची शेवटची अधिसूचना निघायच्या आत उशिराचं कारण पटवून देता आलं तर सूट होती, पण ती सूट माहीत असायला आधी कायदा माहीत पाहिजे.)

आता विचार करा, ज्या पाड्यावर वाचता येणारं कुणी नाही तिथं कागद लागला, आणि समजा कुणी पायपीट करून गेलाच साहेबापुढे, तर तो काय सांगणार? कायद्यात हक्क म्हणून ओळखीचे प्रकार म्हणजे वाट, चराई, वनोपज, पाणी आणि जमिनीवरचा दावा. मी जुने जमाबंदीचे कागद चाळलेत, त्यात गुरं किती चारायची, जळण किती मोळ्या आणायचं, कुठल्या नाल्याचं पाणी, हे सगळं बारीक अक्षरात सापडतं. देव सापडत नाही. फार तर एखादी पायवाट सापडते आणि आपल्याला माहीत असतं की ती वाट देवाकडे जाते, पण कागदाला ते माहीत नसतं. आणि एकदा वन राखीव झालं की कलम 26 खाली तिथं परवानगीशिवाय शिरणं हाच गुन्हा. म्हणजे काल जो पूजेला चालला होता तो आज अतिक्रमण करणारा.

गंमत नाही, वाईट वाटायची गोष्ट ही की त्या काळच्या साहेबांना देवराया माहीतच नव्हत्या असं नाही. 1864 ला हिंदुस्थानच्या वन खात्याचे पहिले प्रमुख झाले ते डिट्रिच ब्रँडिस, त्यांनी स्वतः देवरायांबद्दल लिहून ठेवलंय, कूर्गच्या देवरकाडूंबद्दल लिहिलंय. माहिती होती. कायद्यात रकाना नव्हता.

दुसरा धागा पुरातत्त्वाचा, म्हणजे तुमच्या अर्जाचा. लॉर्ड कर्झनच्या काळात 1904 ला प्राचीन स्मारकांचा कायदा झाला, स्वातंत्र्यानंतर 1958 ला केंद्राचा नवीन कायदा आला आणि महाराष्ट्राने 1960 ला स्वतःचा केला. या सगळ्यांत स्मारक म्हणजे काय तर बांधकाम, थडगं, गुहा, शिल्प, शिलालेख, एकाश्म, असं काहीतरी ज्याला इतिहास, पुरातत्त्व किंवा कलेचं मोल आहे, आणि केंद्राच्या कायद्यात ते 100 वर्षांपेक्षा जुनं पाहिजे. म्हणजे कायदा माणसाच्या हाताची खूण शोधतो. तुमच्या कपारीत कुणी काही कोरलं नाही, कारण कोरायचंच नव्हतं, ती जशी आहे तशी देवाची आहे. त्यामुळे कार्यालयाने जे उत्तर दिलं ते त्यांच्या पुस्तकाप्रमाणे बरोबरच होतं. तिथं अपील करत बसू नका, दोन वर्षं जातील.

तिसरा धागा देवस्थान आणि ट्रस्टचा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात पूजेच्या सार्वजनिक जागेची नोंदणी होते, बरेच लोक सल्ला देतात की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवून टाका म्हणजे कागद होईल. मी सहसा नको म्हणतो. नोंदणीसाठी विश्वस्त लागतात, घटना लागते, मालमत्तेची यादी लागते, आणि राखीव वनातली जमीन काही तुमच्या नावावर होत नाही. उलट सात विश्वस्तांची नावं कागदावर आली की उद्या ते सात जण सही करू शकतात, गाव बाजूला राहतं. भगताचा मान, कुठल्या घराने पहिला नारळ ठेवायचा, बायकांनी कुठवर जायचं, हे ज्या पद्धतीने ठरत आलंय त्यात विश्वस्त मंडळ हा पाहुणा आहे. कोकणातल्या देवरहाट्यांचं थोडं वेगळं आहे, तिथं गावऱ्हाटी, मानकरी, देवस्थान जमिनी हा जुना संसार आहे. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गावच्या भालांदेश्वराच्या राईला तर 2020 ला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून दर्जा मिळाला, तिथल्या दुर्मिळ रानजायफळाच्या दलदलीमुळे. छान झालं. पण बघा, तिथंही संरक्षण मिळालं ते झाडांमुळे, देवामुळे नाही.

तर स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षं परिस्थिती अशी की दगड असेल तर पुरातत्त्व, लाकूड असेल तर वन खातं, विश्वस्त असेल तर धर्मादाय, आणि ज्या ठिकाणी देव म्हणजे डोंगर आणि त्याचं आणि गावाचं नातं एवढंच आहे ते कुणाच्याच टेबलावर नाही. घटनेत कलम 13 मध्ये रूढीला कायद्याचं बळ असल्याचं आहे, कलम 25 मध्ये धर्माचरणाचं स्वातंत्र्य आहे, आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराची पाचवी अनुसूची आहे, भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 107 नंबरचा करारही 1958 ला मान्य केलाय ज्यात आदिवासींच्या जमिनी आणि रूढींचा विषय आहे. पण ग्रामपातळीवर हातात धरता येईल असं काही नव्हतं.

नर्मदेवर हे डोळ्यांनी दिसलं. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. मणिबेलीला शूलपाणेश्वराचं मंदिर होतं, ते बुडणार म्हणून गुजरातेत गोरा गावाजवळ नवीन मंदिर बांधलं गेलं, देव हलवला. त्याला बांधकाम होतं, नाव होतं, यात्रेकरू होते, म्हणून हिशेबात आला. पण त्याच काठावरच्या भिलांच्या पाड्यांचे गावदेव, बाघदेव, शेताच्या बांधावरचे पूर्वजांचे खांब, नदीचा अमुक डोह, हे कुठल्या पुनर्वसन वसाहतीत हलवणार? डोह उचलून नेता येत नाही. आमच्या कामात जुनी माणसं अजून त्याबद्दल बोलतात आणि बोलता बोलता थांबतात.

वळण आलं ते 1996 ला. दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींवरून 24 डिसेंबर 1996 ला पेसा कायदा झाला. त्याचं कलम 4 (घ) पाठ करून ठेवा: प्रत्येक ग्रामसभा ही आपल्या लोकांच्या रूढी परंपरा, त्यांची सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवायची रूढ पद्धत यांचं जतन करायला सक्षम आहे. आणि गाव म्हणजे महसुली गाव नाही, पाडा सुद्धा गाव. महाराष्ट्राने याचे नियम करायला 2014 उजाडवलं, पण त्या नियमांत पाड्याला स्वतःचं गाव म्हणून जाहीर होता येतं, आणि ज्या पाड्याचा देव वेगळा आणि ग्रामपंचायतीचं मुख्य गाव दहा किलोमीटर लांब, तिथं हे फार कामाचं आहे. तुमचा पाडा वेगळा जाहीर नसेल तर तो अर्ज आधी करा, कारण नाहीतर ग्रामसभेत ज्यांचा त्या डोंगराशी संबंधच नाही असे लोक मतं देतील.

पेसातला कमकुवत भागही सांगतो. खनिजाच्या बाबतीत ग्रामसभेची शिफारस सक्तीची आहे ती गौण खनिजाला, म्हणजे मुरूम, दगड, वाळू. लोखंड, बॉक्साइट ही मोठी खनिजं त्यात नाहीत. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगररांगेत ठाकूरदेवाचं ठाणं आहे, दर जानेवारीत माडिया लोकांची यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण चालू आहे. यात्रेच्या दिवशी माणूस एका बाजूने चढतो आणि दुसरीकडे डोंगर उतरत जातोय असं दृश्य आहे. पेसा एकट्याने ते अडवू शकला नाही.

म्हणून 2006 चा वनहक्क कायदा महत्त्वाचा. याच्या प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्याय असा शब्द आहे, म्हणजे संसदेने मान्य केलं की जुन्या जमाबंदीत, मी वर सांगितलं त्या 3 महिन्यांच्या खेळात, लोकांचे हक्क नोंदले गेले नाहीत. देवठाण्यासाठी यातली चार ठिकाणं बघा. कलम 3(1)(झ), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं आय, ज्या सामूहिक वनसंपत्तीचं गाव परंपरेने रक्षण करत आलंय तिचं रक्षण, संवर्धन, व्यवस्थापन करायचा हक्क. मग ई, माडिया, कातकरी, कोलाम अशा अतिअसुरक्षित जमातींना वसतिस्थानाचा हक्क, ज्यात नुसतं राहतं घर नाही तर त्यांचा सगळा वावर येतो. मग एल, शिकार सोडून कुठलाही इतर पारंपरिक हक्क, ही देवाची खिडकी, 1878 पासून जो रकाना नव्हता तो इथं आहे. आणि कलम 5, जे ग्रामसभेला अधिकार देतं की आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला धक्का लावणाऱ्या कुठल्याही विध्वंसक कृतीपासून वसतिस्थान वाचवायचं. नियम 13 मध्ये पुरावा म्हणून काय चालतं त्यात चक्क लिहिलंय की पवित्र झाडं, राया, तळी, नदीकाठ, दफनभूमी, स्मशानभूमी. आणि वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं तर तोही पुरावा. ज्या व्यवस्थेने शंभर वर्षं विचारलं की कागद कुठाय, तिनेच लिहून दिलं की आजीचं बोलणं हा कागद आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं.

आणि मग नियमगिरी. हे नीट समजून घ्या कारण तुमच्या सगळ्या कागदांत याचाच आधार येणार आहे.

ओडिशात कालाहांडी आणि रायगडा जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरीचे डोंगर आहेत, तिथं डोंगरिया कोंध राहतात, त्यांचा देव नियमराजा, आणि डोंगरमाथ्यावर बॉक्साइट. खाली लांजीगडला वेदांत कंपनीचा अॅल्युमिना कारखाना, त्याला वरचं बॉक्साइट हवं, खाण चालवणार राज्याचं खाण महामंडळ, क्षेत्र साधारण 660 हेक्टर. पर्यावरण मंत्रालयाने 3 ऑगस्ट 2009 ला एक परिपत्रक काढलं होतं की वनजमीन वळवायची तर वनहक्क दावे पूर्ण झालेत आणि ग्रामसभांची संमती आहे याचे कागद जोडा. त्यानंतर मंत्रालयाने नेमलेली सक्सेना समिती जाऊन आली आणि ऑगस्ट 2010 मध्ये मंत्रालयाने वनपरवानगी नाकारली. महामंडळ सुप्रीम कोर्टात गेलं.

18 एप्रिल 2013 चा निकाल आहे, ओरिसा मायनिंग कॉर्पोरेशन विरुद्ध पर्यावरण मंत्रालय. कोर्टापुढे एक युक्तिवाद असा होता की लोकांची पूजेची जागा खाणीच्या जागेपासून बरीच लांब आहे, मग अडचण काय. हा युक्तिवाद लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्यावर. कोर्टाने काय केलं, तर पवित्र काय आणि कुठवर हे आपण ठरवायला बसलं नाही. कलम 25, वनहक्क कायदा आणि पेसाचं 4(घ) यांना एकत्र धरून सांगितलं की खाणीमुळे लोकांच्या पूजेच्या हक्काला बाधा येत असेल तर तो हक्क जपलाच पाहिजे, आणि बाधा येते की नाही हे ग्रामसभांनी सांगावं. जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून ग्रामसभेला बसवा असंही सांगितलं.

राज्य सरकारने 12 गावं निवडली, 7 रायगडातली, 5 कालाहांडीतली. डोंगरावर शंभराच्या घरात वस्त्या असताना फक्त 12, यावर तेव्हा बराच वाद झाला. 18 जुलै ते 19 ऑगस्ट 2013 मध्ये ग्रामसभा झाल्या, पावसात, पोलीस बंदोबस्तात, आणि 12 च्या 12 गावांनी नाही म्हटलं. लोकांनी काय सांगितलं त्याचं सार एकच होतं, की देव अमुक दगडात नाही, अख्खा डोंगर नियमराजाचा आहे, झरे त्याचे, फळं त्याची. जानेवारी 2014 ला मंत्रालयाने प्रस्ताव कायमचा फेटाळला. 2016 ला राज्याच्या महामंडळाने पुन्हा ग्रामसभा घ्या म्हणून सुप्रीम कोर्टाचं दार वाजवलं, कोर्टाने ऐकलं नाही.

याचं मोल कळायला दुसरीकडे बघावं लागतं. अमेरिकेत 1978 ला मूळनिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, नाव मोठं. पण 1988 ला तिथल्या सुप्रीम कोर्टात लिंग नावाची केस आली, उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरोक, करुक, तोलोवा लोकांच्या पवित्र डोंगरातून वन खात्याला रस्ता काढायचा होता. कोर्ट म्हणालं, रस्त्याने त्यांचं धर्माचरण जवळपास अशक्य झालं असं धरलं तरी जमीन सरकारची आहे, आणि सरकारने आपल्या जमिनीचं काय करावं हे अशा कारणावरून अडवता येणार नाही. 1978 च्या कायद्यात अंमलात आणण्याजोगा हक्कच नाही असंही म्हणालं. तो रस्ता शेवटी झाला नाही, पण ते तिथल्या संसदेने तो डोंगरभाग वेगळ्या कायद्यांनी संरक्षित केला म्हणून. म्हणजे तिथं मालकी कुणाची या प्रश्नावर गाडी अडली, आणि आपल्याकडे राखीव वन सरकारच्या नावावर असताना सुद्धा कोर्ट म्हणालं की गावाला विचारा. फरक पडला तो वनहक्क कायद्याने, कारण त्यात हक्काचा आधार मालकी नाही, वहिवाट आहे.

आता यातून आपण शिकलो काय ते एका प्रसंगातून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सुरगाण्याकडच्या एका गावात सामूहिक दाव्याचा नकाशा करत होतो. पोरं हौशी, हातात जीपीएस, चतुःसीमा चालत चालत पॉइंट घेतायत, नाला, आंब्याचं झाड, जुनी पाझर, कक्ष क्रमांक लिहिलेला वन खात्याचा बुरूज. देवाच्या कपारीच्या खाली एक सपाटी होती, तिथं भगत बाबा खाली बसले आणि म्हणाले, इथनं पुढं यंत्र नेऊ नका. मला तेव्हा वाटलं भक्तीचा प्रश्न आहे, यंत्र बाहेर ठेवून मी डोळ्यांनी बघून येतो आणि अंदाजाने पॉइंट टाकतो. बाबा म्हणाले, तुम्ही टाकला की तो नाशिकला जाणार, मुंबईला जाणार, मग देव कुणाचा राहिला. रात्री ओट्यावर चर्चा झाली, मी माझी बाजू लावून धरली की पुरावा लागतो, ठिकाण दाखवलं नाही तर समिती काढून टाकेल, साहेब विचारतील कुठाय दाखवा. तेव्हा कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, देवाचं नाव नका लिहू, डोंगर आमचा आहे एवढं लिहा.

तसंच केलं. टिंब टाकलंच नाही. खालच्या नाल्यापासून वरच्या धारेपर्यंत अख्खा उतार रेघेने बांधला आणि त्याला पारंपरिक पूजेचं क्षेत्र म्हटलं, आत काय कुठे आहे ते लिहिलं नाही, आणि तीन वडीलधाऱ्यांचे जबाब जोडले की वर्षातून कधी जातात, तिथं झाड तोडत नाहीत, जोडे घालत नाहीत, शिकार करत नाहीत. मला तेव्हा धाकधूक होती. पुढे नियमगिरीचा निकाल वाचला आणि तो युक्तिवाद बघितला की पूजेची जागा तर लांब आहे, तेव्हा कळलं की आजींनी कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर सांगितलं होतं. टिंब टाकलं की समोरचा म्हणतो ठीक आहे, तेवढे दोन गुंठे सोडतो, कुंपण घालून देतो, वर शेडही बांधून देतो, आणि बाकी डोंगर घेतो. रेघ मारली की त्याला अख्ख्या डोंगराबद्दल बोलावं लागतं. आणि गुप्तता ही जगभर अशा जागांची खरी अडचण आहे, कायदा म्हणतो दाखव, देव म्हणतो झाक, त्यातून वाट अशी मोठ्या रेघेनेच निघते. तेव्हापासून मी कुठल्याही गावात देवाचं टिंब टाकू देत नाही.

आता आजची स्थिती, कारण नियमगिरीनंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. 5 फेब्रुवारी 2013 ला, म्हणजे निकालाच्या आधीच, रस्ते, कालवे, विजेच्या लाइनी अशा रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली गेली. 2022 च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्काची पूर्तता तपासायचं काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर ढकललं, म्हणजे दिल्लीतून हो आल्यावर गावाला विचारणार, त्यावर अनुसूचित जमाती आयोगानेही आक्षेप घेतला होता. 2023 ला 1980 चा मूळ वन संवर्धन कायदाही बदलला. म्हणून प्रकल्प आल्यावर दावा करू असं धरून बसू नका. दावा आधी, प्रकल्प नंतर, हा क्रम राहिला तर तुमचं पारडं जड राहतं.

दुसरीकडे 18 डिसेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने राजस्थानच्या ओरण (म्हणजे देवासाठी राखलेली रानं) आणि देववनांबद्दल निकाल दिलाय, देशभरातल्या जंगलांबद्दल वर्षानुवर्षं चालू असलेल्या गोदावर्मन प्रकरणातच. त्यात राज्याला सांगितलं की देवरायांचं जिल्हावार सर्वेक्षण करा, नकाशे करा, आकाराने लहान म्हणून सोडू नका, आणि वन्यजीव कायद्याखाली सामूहिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करा, शिवाय देशभरासाठी केंद्राने धोरण करावं असंही सुचवलं. लोकांना वनहक्क कायद्याखाली रक्षक म्हणून मान्यता द्या असंही त्यात आहे. निकाल चांगला आहे पण माझी एक भीती आहे, वन्यजीव कायद्याची चौकट आली की व्यवस्थापन समिती येते, सूचना येतात, आणि गावाच्या देवाचा कारभार हळूहळू खात्याकडे सरकू शकतो. त्यामुळे आधी वनहक्काचं मान्यतापत्र हातात घ्या आणि मग सर्वेक्षणाला सामोरं जा. गडचिरोलीत मेंढा लेखा गावाने 2009 ला सामूहिक वनहक्क मिळवला, साधारण 1,800 हेक्टरवर, त्यानंतर त्यांच्याशी बोलायची खात्याची भाषाच बदलली, हे मी स्वतः तिथं जाऊन बघितलंय.

आणि कुणी जाऊन तोडफोड केलीच तर फौजदारी बाजू विसरू नका. पूजेच्या जागेची विटंबना हा 1860 च्या दंडसंहितेत 295 होता, आता न्याय संहितेत 298, पण त्यात अपमानाचा हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते, ते अवघड. त्यापेक्षा अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी आल्या, वनहक्कांच्या उपभोगात बेकायदा अडथळा आणणं हा गुन्हा, आणि अनुसूचित जातीजमातींना पवित्र असलेल्या वस्तूचं नुकसान किंवा विटंबना हा गुन्हा. पहिल्याचा उपयोग व्हायला परत तेच, हक्क नोंदलेला पाहिजे.

तर तुम्ही काय करायचं. वनहक्क समिती आहे का बघा, नसेल तर ग्रामसभेत करा, कोरम निम्मा आणि त्यात बायका एक तृतीयांश, हजेरीवर सह्या अंगठे नीट घ्या, पुढे सगळं यावरच घसरतं. सामूहिक हक्कांसाठी नमुना ब, त्यात इतर पारंपरिक हक्क जिथं लिहायचे तिथं देवक्षेत्र, आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना क, दोन्ही भरा, एकच भरून थांबू नका. मुदत संपली असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कायद्यात दाव्याला शेवटची तारीख नाही, मुदत ग्रामसभा वाढवू शकते. पुरावे एकापेक्षा जास्त जोडा, वडीलधाऱ्यांचे जबाब, जुन्या गॅझेटियरमध्ये त्या डोंगराचा किंवा यात्रेचा उल्लेख असेल तर ते पान, वन खात्याच्या वर्किंग प्लॅनच्या नकाशात पायवाट दिसत असेल तर तो नकाशा. (विदर्भातल्या मंडळींनी हे वाचत असाल तर निस्तारपत्रक आणि वाजिब उल अर्ज जरूर काढा, त्यात गावाच्या रूढी नोंदलेल्या असतात.) स्थळपाहणीला खात्याचा माणूस नोटीस देऊनही आला नाही तर तसा पंचनामा करा आणि पुढे जा, त्याच्यासाठी थांबू नका.

पेसाच्या 4(घ) खाली वेगळा ठराव करा की हा डोंगर नाल्यापासून धारेपर्यंत आमच्या रूढीप्रमाणे पूजेचं क्षेत्र आहे आणि इथं कुठलाही बदल ग्रामसभेला विचारल्याशिवाय मान्य नाही. ठरावात देवाची माहिती जितकी गावाला द्यायची तितकीच द्या, भगतांना आधी वाचून दाखवा. त्याची प्रत प्रांताला, आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्याला, डीएफओला (विभागीय वन अधिकाऱ्याला), जिल्हाधिकाऱ्याला, प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. टपालाने पाठवलेला ठराव मिळालाच नाही असं मी फार वेळा ऐकलंय. पोहोच घेतलेली प्रत लॅमिनेट करू नका, शाई उडते, प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवा आणि दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा.

मार्गशीर्षाला अजून वेळ आहे. पौर्णिमेच्या आधी ग्रामसभा घेता आली तर बघा, कामाला बाहेर गेलेली माणसं तेव्हा गावात परत येतात आणि कोरम सहज होतो.